गोठ्यातलं पाळणाघर

जिल्ह्याच्या आकडेवारी कचेरीत नोकरी करणाऱ्या त्या बाईला गावात सगळे आकडेबाई म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं पक्कं चिकटलं होतं की किराणा दुकानदारसुद्धा साखर तोलताना म्हणायचा, "आकडेबाई, बघून घ्या हो काटा, नाहीतर माझं नाव पुस्तकात घालाल."

पुस्तक म्हणजे 'जिल्ह्याची ओळख'. कुठे किती माणसं राहतात, त्यांत म्हातारी किती, पोरं किती, कोण कशावर पोट भरतं, कोण कुठून आलं, हे सगळं गोळा करून त्याचा जाडजूड ग्रंथ करायचा, हे त्या कचेरीचं काम. हा ग्रंथ वाचतं कोण, असं तिच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं.

"बाबा, शाळा कुठे बांधायची, दवाखाना कुठे काढायचा, बस कुठून न्यायची, हे ठरवणारे लोक वाचतात."

"मग बस आपल्या दारावरून का जात नाही?" सासरे म्हणाले.

यावर ती भाजी निवडायला लागली. सासऱ्यांच्या प्रश्नांमुळे घरात बरीच भाजी निवडून व्हायची.

ती लग्न होऊन आली तेव्हा हे घर दूधवाल्यांचं घर म्हणून ओळखलं जायचं. मागे लांबलचक गोठा, पुढे अंगण, आणि त्यापलीकडे नजर जाईल तिथवर कुरण. मग हमरस्ता रुंद झाला. रुंद रस्त्यामागून ट्रक आले, ट्रकांमागून गोदामं आली, गोदामांमागून एक भलंमोठं शीतगृह आलं, आणि या सगळ्यांच्या मागून माणसं आली. कुरण भाड्याने गेलं. गायी एकेक करत विकल्या गेल्या. शेवटची गाय गेली त्या दिवशी सासरे जेवले नाहीत, आणि सासूबाई जेवल्या पण कुणाशी बोलल्या नाहीत. नवरा शीतगृहात पाळीप्रमुख म्हणून लागला. आता त्या भागाला गाव म्हणावं तर चारमजली इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि शहर म्हणावं तर त्या इमारतींच्या जिन्यात अजून कोंबड्या शिरत होत्या.

गोठा रिकामा पडला तो फार दिवस नाही. वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून एक नर्सबाई आली, नवरा दूरच्या गावी, कडेवर तान्हं मूल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती सकाळी जिन्यात उभी राहून रडत होती. सासूबाईंनी काही न विचारता तिच्या हातातलं मूल घेतलं आणि म्हणाल्या, "जा तू. तुझी बस चुकेल." बस, तिथून सुरुवात झाली. नर्सबाईने दवाखान्यात कुणाला तरी सांगितलं, तिने शीतगृहाच्या पॅकिंगमधल्या बहिणीला सांगितलं, पॅकिंगमधलीने बस चालवणाऱ्या शेजारणीला. वर्ष सरता सरता गोठ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंधरा-सोळा पोरं नांदू लागली. सासऱ्यांनी गोठ्याची जमीन गुळगुळीत करून घेतली, भिंतींना चुना दिला. गव्हाणीत गायींच्या चाऱ्याऐवजी आता चपला, बाहुल्या आणि चाकं मोडलेल्या गाड्या असायच्या. आयांकडून सासूबाई जे मिळेल ते घ्यायच्या. कुणाकडून थोडे पैसे, कुणाकडून भाजी, एकीकडून तर नुसते शिवून घेतलेले परकर. आकडेबाईची स्वतःची लेकही त्यातच वाढत होती.

सासूबाई म्हणजे अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. त्यांनी एकदा "ए!" म्हटलं की गोठ्यातली पोरं तर थांबायचीच, रस्त्यावरून जाणारा सायकलवालाही ब्रेक लावायचा. प्रत्येक पोराला त्यांनी आपलं एक नाव ठेवलं होतं. सतत जमिनीवर लोळणारा तो लोळ्या. दिवसभर 'का' विचारणारी ती चौकशी. आणि दार उघडं दिसलं की सुसाट सुटणारा एक होता, तो वारं.

यंदा पुस्तक नव्याने करायचं ठरलं. कचेरीत माणसं कमी, म्हणून प्रत्येकाला आपापला भाग वाटून दिला. आकडेबाईच्या वाट्याला तिचाच भाग आला, पण स्वतःच्या घराची माहिती स्वतः भरायची नाही असा नियम होता. त्यामुळे तिच्या घरी तिचा सहकारी आला. नुकताच नोकरीला लागलेला, जाड चष्म्याचा, अतिशय नम्र मुलगा.

तो आला ती वेळ पोरांच्या खाण्याची होती. सासूबाईंच्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात लोळ्याची कॉलर, आणि कमरेला एक पोरगी लोंबकळत होती.

"आजी, तुम्ही काय काम करता?" चष्मेवाल्याने विचारलं.

"मी? मी कुठे काय करते? घरीच असते." सासूबाईंनी एकाचं नाक पुसलं, दुसऱ्याच्या तोंडातला खडू काढला. "ए वारं! दार लाव. लाव म्हटलं ना!"

"आणि ही मुलं?"

"ही होय? ही येतात."

"कुणाची आहेत?"

"त्यांच्या आयांची. अजून कुणाची असणार?"

एवढ्यात चौकशी त्याच्या मांडीवर चढून बसली होती. "तू डोळ्यांना काचा का लावल्यास?" तिने विचारलं. लोळ्याने त्याच्या पेनाचं टोपण पळवलं. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांना वाटलं, आता आपण पुढे व्हायला हवं.

"नातेवाईक आहेत सगळे," ते म्हणाले.

"सगळे?"

"जरा लांबचे."

चष्मेवाल्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पोरांकडे. मग खाली मान घालून सासूबाईंच्या नावापुढे 'घरकाम' असं लिहिलं, सासऱ्यांच्या नावापुढे त्यांनी सांगितलं तसं 'शेतकरी' लिहिलं, आणि टोपण न घेताच निघून गेला.

काही आठवड्यांनी कचेरीतल्या मॅडमनी आकडेबाईला आत बोलावलं. मॅडम नव्याने बदलून आलेल्या. हुशार, मोजकं बोलणाऱ्या, आणि कागदावरच्या आकड्याला माणसासारखं निरखून बघणाऱ्या.

"बसा. तुमच्या भागातलं मला एक कोडं पडलंय." त्यांनी तक्ता पुढे सरकवला. "ज्यांची मुलं अगदी लहान आहेत अशा बायका कामाला जाण्याचं प्रमाण तुमच्याकडे अख्ख्या जिल्ह्यात जास्त आहे. दवाखान्यात, गोदामांत, शाळेत, बसवर, सगळीकडे. आणि पाळणाघर एकही नाही."

"हो."

"मला वाटलं, आज्या सांभाळत असतील. पण तेही नाही. माणसं सगळी बाहेरून आलेली, आज्या तिकडे मागे राहिल्यात. मग ही मुलं दिवसभर जातात कुठे?"

आकडेबाईने तक्ता आपल्याकडे ओढून घेतला. मुलं कुठे जातात हे ती रोज सकाळी डोळ्यांनी बघत होती. एक तर तिच्या हाताला धरूनच जायची.

"चौकशी करते मॅडम," ती म्हणाली.

"करा. कारण पुढच्या वर्षी नवी पाळणाघरं काढायला निधी येतोय. जिथे गरज दिसेल तिथे जाणार. तुमच्याकडे तर बायका बिनबोभाट कामाला जाताना दिसतायत, म्हणजे गरज नाही असंच कुणीही म्हणेल."

त्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. सगळं नीट समजावून सांगितलं. गोठ्याला पक्कं न्हाणीघर मिळेल, कुंपण मिळेल, हाताखाली माणूस मिळेल. फक्त नोंद व्हायला हवी.

"नको," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ऐका तरी."

"ऐकलं की. एकदा नाव लागलं की कटकट मागे लागते. दुधाचा धंदा होता तेव्हा तो सरकारी माणूस तपासायला यायचा, विसरलीस? मोरी अशीच का, खिडकी तिकडेच का, गाय अशी का बघते. म्हणजे गायीने कसं बघायचं हेसुद्धा त्याला विचारून!"

"तो गोठा होता आई."

"आणि हा काय राजवाडा आहे?" सासूबाईंनी ताटातला शेवटचा घास उचलला. "आणि खरं सांगू का? पोरं सांभाळणं हे काय काम झालं का गं? बाई घरात असली की ते होतंच. उद्या म्हणशील, आई श्वास घेतात त्याचीही नोंद करा."

सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांना लांबच्या नातेवाइकांची काळजी होती. नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोघींच्याही बाजूने मान डोलावली आणि तो हात धुवायला उठला. आकडेबाईने मग विषय सोडला. सासूबाईंच्या मनाविरुद्ध त्यांचं नाव कुठे घालायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं. पण मॅडमना काय सांगायचं हे मात्र ठरेना. फाइल टेबलावर तशीच पडून राहिली.

आणि मग ते घडलं.

दुपार टळत आलेली. नळापाशी पाणी सांडलेलं. कुणीतरी दार उघडं टाकलं, आणि वारं सुटलं. सासूबाई त्याच्या मागे धावल्या, पाय सरकला, आणि त्या धाडकन पडल्या. पोरगं दारातच थांबलं आणि पडलेल्या आजीकडे बघून मोठ्याने रडायला लागलं. त्याचं बघून बाकीचीही रडायला लागली. सासरे धावत आले तेव्हा सगळ्या गोठ्यात न रडणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

"बघत काय बसलात? आधी दार लावा," त्या म्हणाल्या.

घोट्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी पायाला प्लॅस्टर घातलं आणि बजावलं, जमिनीला पाय लावायचा नाही, निदान दीड महिना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आया पोरांना घेऊन दारात आल्या आणि बातमी ऐकून चुकचुकत उभ्या राहिल्या. सासऱ्यांना उगाच चेव आला. "ठेवून जा. मी आहे," ते म्हणाले. "पन्नास गायी सांभाळल्यात मी." दुपारपर्यंत त्यांचा चष्मा पाण्याच्या पिंपात होता, दोन पोरं गव्हाणीत अडकली होती, आणि चौकशीने त्यांना 'का' विचारून विचारून अशा टोकाला आणलं होतं की ते बायकोच्या खाटेपाशी येऊन म्हणाले, "आकाश निळं का असतं?"

"मला काय माहीत?"

"मग तू तिला काय सांगतेस?"

"मी तिलाच विचारते, तुला काय वाटतं गं? मग ती सांगत बसते तासभर."

संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्या आयांना हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून गोठा बंद.

आकडेबाईनेही रजा टाकली. लेकीला कुठे ठेवणार? तिला कचेरीत न्यावं तर तिथे बसायलाच खुर्ची पुरत नव्हती. ती घरी राहिली, सासूबाईंना जेवू घातलं, पाठीला उशी दिली, आणि दुपारी गोठ्याच्या उंबऱ्यात बसून राहिली. आतून एरवी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज यायचा. आज नळाचं पाणी तेवढं ठिबकत होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मॅडमच्या तक्त्यातल्या त्या बायकांमध्ये ती स्वतःसुद्धा होती. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांची घरं मोजत फिरलो, ते कुणाच्या जिवावर, हे कधी मनात आलंच नव्हतं. सकाळी डबा भरायचा, लेकीला गोठ्यात सोडायचं आणि निघायचं. दिवा लावावा तसं ते सोपं होतं, म्हणून तारेचा विचार कुणी केला नव्हता.

त्याच आठवड्यात सासरे सासूबाईंची औषधं आणायला म्हणून सकाळी बाहेर पडले, ते भर दुपारी घामाघूम होऊन रिकाम्या हाताने परत आले. खाटेपाशी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी पायातले बूट काढले.

"औषधं कुठायत?" सासूबाईंनी विचारलं.

"नाहीत. बसच आली नाही. चालत गेलो."

"बस का आली नाही?"

"बसवाली घरी आहे. तिची पोरगी घरी आहे म्हणून ती घरी. दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही. दवाखान्यात गेलो, तर ही रांग! नर्सबाई नाही. ती वर आपल्या खोलीत पोराला झोपवत बसलीय. औषधाच्या खिडकीवरची पोरगीही नाही. मी म्हटलं, अहो, सगळ्या गेल्या कुठे? तर तिथला म्हातारा शिपाई म्हणतो, कुणास ठाऊक, सगळ्यांची पोरं एकदमच घरी बसलीत." सासऱ्यांनी बूट बाजूला ठेवले. "पोरं का घरी बसलीत? तर तू घरी बसलीयस म्हणून. म्हणजे झालं काय, तू पडलीस म्हणून तुझी औषधं मिळाली नाहीत."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. हे इतकं नवल होतं की आकडेबाई स्वयंपाकघरातून हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

संध्याकाळी नवरा शीतगृहातून आला तो वैतागूनच. पॅकिंगच्या पट्ट्यापाशी निम्म्या जागा रिकाम्या. मालाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबलेल्या. वरचे साहेब विचारतात, बायकांनी संप केलाय का? "मी काय सांगू त्यांना?" तो म्हणाला. "आमच्या आईचा पाय मोडलाय म्हणून तुमची गाडी अडलीय, असं सांगू?"

"तसंच सांग," खाटेवरून आवाज आला. पण त्यात नेहमीची धार नव्हती.

आणि मग त्यांना भेटायला बायका येऊ लागल्या. कुणी फळं घेऊन, कुणी नुसतंच. सासूबाई प्रत्येकीला विचारायच्या, "तू आज घरीच? तूही घरी? अगं, तुला तर आत्ता कुठे कायम केलं होतं ना?" बसवाली आली, ती उभ्या उभ्या म्हणाली, "मावशी, मी गाडी चालवायला शिकले तेव्हा घरचे म्हणाले होते, पोर झाल्यावर सुटेलच हे वेड. नाही सुटलं, कारण तुम्ही होतात." आणि ती पटकन डोळे पुसून निघून गेली, तिला तसं बोलायची सवय नव्हती.

ती गेल्यावर सासूबाई खाटेवर सावकाश उठून बसल्या.

"सूनबाई."

"हं?"

"एवढ्या सगळ्या जणी जातात कामाला?"

"हो आई."

"मला वाटायचं, पोरं येतात, खातात, झोपतात, जातात. संपलं." त्यांनी प्लॅस्टरवर हात फिरवला. "ह्यांच्या आया तिकडे काय करतात ते कधी डोक्यातच आलं नाही बघ."

"मीसुद्धा त्यातलीच आहे," आकडेबाई म्हणाली. "माझी नोकरीही तुमच्यावरच चाललीय. मला आत्ता कळलं." आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

"आता तू नको रडू. एवढी घरभर माणसं येऊन रडून गेलीत, रुमाल शिल्लक नाहीत." सासूबाईंनी उशी सरळ केली. "हे बघ, मी काही दीड महिना अशी पडून राहायची नाही. मला गोठ्यात खुर्ची टाक. पाय ठेवायला स्टूल दे. पळायला कुणीतरी पाहिजे, ओरडायला मी आहे."

पळायला दोघी मिळाल्या. एक शेजारची शिवणवाली, जिची पोरं मोठी होऊन परगावी गेली होती आणि जिला घर खायला उठायचं. दुसरी पॅकिंगमध्ये काम करणारी वारंची आई. आपल्याच पोरामुळे आजी पडल्या हे तिच्या मनाला इतकं लागलं होतं की ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर व्हायची, आणि थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की खोक्यांना चिकटपट्टी लावण्यापेक्षा आपल्याला हेच जास्त आवडतं. सासूबाई मधोमध खुर्चीत बसायच्या, पाय स्टुलावर, आणि तिथून हुकूम सोडायच्या. पोरांनी प्लॅस्टरवर खडूने घोडे काढले. वारं तर आता खुर्चीला चिकटूनच बसायचं. दार सताड उघडं असलं तरी ते हलत नसे, आणि त्याचीच सासूबाईंना जरा काळजी वाटायला लागली होती.

गोठा उघडला तशी बस पुन्हा वेळेवर यायला लागली, दवाखान्यातली रांग ओसरली, गाड्या फाटकातून आत गेल्या.

एक दिवस आकडेबाई कचेरीला निघाली असताना सासूबाईंनी तिला हाक मारली. "तुझ्या त्या मॅडमना घेऊन ये. पण आधीच सांगते, उगाच मोठेपणा लिहायचा नाही. आहे तेवढंच लिहायचं. आणि ह्यांचे ते लांबचे नातेवाईक काढून टाक."

मॅडम आल्या त्या एकट्याच, कचेरीची गाडी न घेता बसने. गोठ्याच्या दारात क्षणभर थांबल्या. आत पोरं गाणं म्हणत होती, म्हणजे प्रत्येक जण आपलं वेगळं. कुणीतरी येऊन त्यांच्या हातात एक छोटीशी चप्पल दिली आणि निघून गेलं. त्या ती चप्पल हातात धरूनच सासूबाईंच्या शेजारी बसल्या.

"म्हणजे माझ्या कोड्याचं उत्तर इथे बसलंय," त्या म्हणाल्या.

"कोडंबिडं काही नाही हो. पोरं येतात—" सासूबाई थांबल्या. मग घसा खाकरून म्हणाल्या, "मी मुलं सांभाळते. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत. ह्या दोघी माझ्याबरोबर असतात. लिहा."

मॅडमनी लिहिलं. मग पुष्कळ विचारलं. पाणी कुठून येतं, पोरं झोपतात कुठे, आजारी पडलं तर काय करता, कुणाच्या आया रात्रपाळीला असतात का. सासूबाईंनी सगळं सांगितलं, आणि जे बरं नव्हतं तेही सांगितलं. न्हाणीघर अंगणापलीकडे आहे, पावसात पोरांना उचलून न्यावं लागतं. कुंपण नाही, रस्त्यावर ट्रक असतात, जीव मुठीत धरून राहावं लागतं.

"कुंपण आणि न्हाणीघर मिळेल," मॅडम म्हणाल्या. "पण काही अटी असतील. तुम्हा तिघींना प्रशिक्षण घ्यावं लागेल. बाहेर पाटी लावावी लागेल."

"पाटी कशाला? ज्यांना यायचंय ते येतातच की."

"उद्या नवं कुणी राहायला आलं, ओळखदेख नसली, तर त्या बाईला कसं कळणार?"

सासूबाईंना जिन्यात उभी असलेली नर्सबाई आठवली असावी. "बरं, लावा पाटी," त्या म्हणाल्या. "पण अक्षर मोठं काढा. आणि आम्हाला शिकवायला कोण येणार? पोरं झालेली बाई असेल तर पाठवा."

मॅडम हसल्या. मग सासऱ्यांकडे वळल्या. त्यांनाही विचारून घेतलं, जमीन सगळी भाड्याने आहे, मग धंदा काय लिहू?  तेवढ्यात चौकशीने त्यांची बाही ओढली आणि मोडकी गाडी पुढे केली. त्यांनी खिशातून स्क्रू काढला, चाक बसवलं, गाडी परत दिली आणि म्हणाले, "शेतकरीच राहू द्या. बाकी आहे ते चालूच आहे." मॅडमनी तसंच लिहिलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा आकडेबाईने एक प्रत घरी आणली. सासऱ्यांनी चष्मा लावून त्यांच्या भागाचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. लोकसंख्या वाढतेय. दर तीन माणसांमागे एक जण बाहेरून आलेला. लोक तरुण आहेत. शेती आणि दूध कमी झालं, माल साठवणं आणि वाहून नेणं वाढलं. नोकरी करणाऱ्या मातांचं प्रमाण जिल्ह्यात सर्वांत जास्त, 'ज्यामागे स्थानिक पाळणाघराचा मोठा वाटा आहे'.

"एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

"एवढंच."

"बरं झालं. थोडक्यात आटोपलं." पण नंतर त्यांनी ते पान पुन्हा एकदा काढायला लावलं, आणि या खेपेला स्वतः वाचलं, ओठ हलवत, अगदी सावकाश.

पाय बरा झाल्यावर प्रशिक्षणाचा दिवस आला. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं होतं, सुनेबरोबरच. सासूबाईंनी ठेवणीतली चप्पल घातली आणि गोठा शिवणवालीच्या हवाली करताना इतक्या सूचना दिल्या की बस दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली. नवी बसफेरी आता त्यांच्या दारावरूनच जायची. ते कसं झालं हे आकडेबाईला विचारलं तर ती नुसती हसायची.

बसवालीने त्यांना पुढची खिडकी दिली. सकाळच्या कामाच्या वेळी सासूबाई या रस्त्याने कधी गेल्याच नव्हत्या. त्या वेळी त्यांचे दोन्ही हात पोरांनी भरलेले असायचे. आता दवाखाना आला, तर पायरीवर नर्सबाई एका म्हाताऱ्याला धरून आत नेत होती. शाळेच्या फाटकाशी चौकशीची आई फळा पुसायचं कापड झटकत होती. आणि शीतगृहासमोर बस थांबली, तेव्हा निळ्या टोप्या घातलेल्या दहा-बारा बायका घोळक्याने फाटकाकडे निघाल्या होत्या. त्यातल्या एकीने मागे वळून पाहिलं, खिडकीतला चेहरा ओळखला, आणि ओरडली, "मावशी! अगं, मावशी आल्यात!" सगळ्याच वळल्या. सगळ्याच हात हलवायला लागल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला काही कळेना, त्यानेही हलवला.

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. मग त्यांनीही खिडकीबाहेर हात काढला.

"इथे काम करतात होय ह्या," त्या सुनेला म्हणाल्या. "केवढं मोठं आहे गं."

"हो ना, आई."

बस निघाली. बसवाली आरशातून त्यांच्याकडे बघत हसत होती. तिलाही काहीतरी सांगायचं होतं, ती मागे वळली.

"अगं बये, समोर बघ!" सासूबाई कडाडल्या, आणि मागच्या बाकावरचा एक झोपलेला माणूस दचकून सरळ बसला.

बस निघाली. ऊन खिडकीतून त्यांच्या मांडीवर आलं होतं. त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले, अर्धे सुनेच्या ओंजळीत घातले, आणि प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंना काय काय विचारायचं ते एकेक करून सांगायला लागल्या.